पुतळ्याआधीच्या पुटकुळ्या

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दाढी करताना मला माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुरुमाची पुटकुळी दिसली. वेळ इतकी नेमकी सांगतो, कारण रोह्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. माझ्याकडे काहीही आलं की त्यावर आधी तारीख-वेळ पडते, विचार नंतर होतो.

विचार झाला तेव्हा मात्र मी हबकलो. मुरुम मला वयात येतानाही आले नव्हते. आमच्या दहावीच्या वर्गातली अर्धी मुलं तोंडावर रुमाल धरून फिरत होती, तेव्हा माझे गाल इतके स्वच्छ होते की केवळ तेवढ्या भांडवलावर मला स्नेहसंमेलनात दोनदा राम केलं होतं. आता डोक्यावरचे केस मागे सरकत चालले असताना ही पुटकुळी कोणत्या नियमाखाली आली, ते मला कळेना.

"अहो, एक पुटकुळी तर आहे," आमची शिल्पा म्हणाली. "लोकांना या वयात शुगर येते."

शुगर आली असती तर मी इतका घाबरलो नसतो. शुगर पुतळ्यात दिसत नाही.

पुतळ्याचं असं झालं होतं. कासूजवळच्या आमच्या मूळ गावात माझ्या आजोबांनी, म्हणजे मोतीराम मास्तरांनी, मिठागरात राबणाऱ्या माणसांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून फाटकाशी मास्तरांचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं. पेणचे मूर्तिकार हिरामण यांनी काम घेतलं, पण फोटो पाहून ते म्हणाले, "हा समोरून काढलेला स्टुडिओतला एकच फोटो. यात नाक किती पुढं येतं, कान कुठं चिकटतो, काय कळत नाय. घरातला मास्तरांसारखा दिसणारा एखादा माणूस समोर बसवा."

झालं. समितीने ठराव केला. मास्तरांसारखे दिसणारे आम्ही दोघं: मी आणि कोलाडला हायवेवर हॉटेल चालवणारा माझा चुलतभाऊ सुभाष. आम्हा दोघांना बाकावर शेजारी बसवून, फोटो मध्ये धरून, सात सभासदांनी मतदान केलं. चार विरुद्ध तीन मतांनी मास्तरांचा चेहरा माझ्याकडे आला. ठरावात पुढे लिहिलं होतं, 'श्री. सुभाष यांना राखीव ठेवण्यात येत आहे.' आणि त्याखाली, 'मातीचा नमुना श्रीमती काशीबाई यांनी पसंत केल्याखेरीज साचा काढू नये.' काशीआत्या ही मास्तरांची सगळ्यात धाकटी बहीण, वय एक्क्याण्णव. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली चार-पाच म्हातारी माणसं गावात अजून आहेत, पण वर मान करून त्यांचा चेहरा पाहण्याची एकाचीही हिंमत झाली नव्हती. छडी मात्र ते अजून लांबी-जाडीसकट सांगतात.

चार मतं पडली त्या दिवसापासून मी बदललो, हे कबूल करतो. फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पिढीकडे पाहणारा चेहरा माझा असणार होता. आमच्या खात्यात बढतीच्या यादीत माझं नाव तीनदा आलं आणि तीनदा गळलं. पण पुतळ्याची बदली होत नाही, त्याला निवृत्तीही नसते. अडचण एवढीच की मास्तर पस्तिसाव्या वर्षी गेले. म्हणजे मी माझ्या आजोबांपेक्षा चौदा वर्षांनी मोठा. हा फरक भरून काढायला मी रोज सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला खोबरेल तेलाचं मालिश सुरू केलं. चांगलं वाटीभर. नवव्या दिवशी ती पुटकुळी आली.

पंधराव्या दिवसापर्यंत सात झाल्या. मी वही घातली. रकाने चार: दिनांक, ठिकाण, आकार, शेरा. आकारासाठी राई, मूग आणि वाटाणा अशी तीन मापं ठरवली. आमची प्रतिक्षा बीएस्सीला आहे. तिने वही चाळली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या मैत्रिणींना चौदाव्या वर्षी आल्या, पण कुणी आवक क्रमांक नाही दिले."

हिरामणकडे पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा कारखान्यात चार-पाचशे पांढरे गणपती रांगेत वाळत होते आणि बाया पॉलिश पेपर घेऊन त्यांच्या सोंडा घासत बसल्या होत्या. हिरामणने माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. मूर्तीकडे पाहावं तसं पाहिलं आणि हाक मारली, "शकू, जरा बघ गो इकडं."

शकू नावाची बाई उठून आली. "मूर्तीला असं फोड आलं तर मी घासून काढते," ती म्हणाली आणि हातातला कागद पुढे केला. ती थट्टा करत होती की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"नाय नाय," हिरामण म्हणाले. "तेलकट झालाय चेहरा. तेल ओढून घ्यायला शाडूसारखी माती नाय."

हे ते सहज बोलले. मी मात्र निघताना शाडूचा नारळाएवढा गोळा मागून घेतला आणि रोह्याजवळ वरसेला आमच्या घरी येऊन, मूर्तीवर चढवतात तसा बोटभर जाडीचा थर नाका-गालांवर चढवून पंख्याखाली बसलो. पाऊण तासाने बेल वाजली. शेजारचे पोपटशेठ दारात उभे होते. मला "या" म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना. पोपटशेठ दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी हात जोडले. मी घाईघाईने गालावरचा थर धरून ओढला. माती आली, आणि तिच्याबरोबर माझी अर्धी मिशी आली.

त्या वेळचा आवाज मी वहीत नोंदवलेला नाही.

शिल्पा आतून धावत आली. तिने जमिनीवर पडलेलं मातीचं ढलपं पाहिलं, त्यातली मिशी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "अहो, दरवर्षी गणपती पाण्यात सोडता ना?" ती म्हणाली. "शाडू पाण्यात विरघळतो, एवढं पंचवीस वर्षांत कळलं नाही? तोंड बादलीत घालायचं होतं!"

फोटोतल्या मास्तरांना मिशी नव्हती, म्हणून उरलेली अर्धी काढून टाकण्याला समितीची हरकत आली नाही. एवढीच त्यातली जमेची बाजू.

पोपटशेठनी मात्र माझं ते रूप मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते एक छोटी ट्यूब घेऊन हजर. "हरेशभाऊ, आमच्या साडूच्या पोराचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा झाला होता. ही लावली. तीन दिवसांत टकाटक. लग्नसुद्धा जमलं."

"डॉक्टरांनी दिली?"

"डॉक्टर कशाला? मेडिकलवाला ओळखीचा आहे."

मी ट्यूब लावली. चौथ्या दिवशी सकाळी आरशात जो माणूस उभा होता, त्याला पाहून मी पुन्हा हबकलो, पण सुखाने. सगळ्या पुटकुळ्या गायब. रंग दोन छटा उजळ. कचेरीत आमच्या साहेबांनी मला "नवीन बदलून आलात का?" असं विचारलं. त्याच आठवड्यात हिरामणने माझं कपाळ, नाक, कान आणि जबडा मातीत उतरवला. गाल पुढच्या खेपेला ठेवले. मातीतून माझं नाक पुढे येताना मी पाहिलं, आणि शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या मुलांना काय उपदेश करावा, याचा मनात मसुदाही तयार केला.

पाच आठवडे लावल्यावर ट्यूब संपली. चेहरा तर छान झाला होता, मग दुसरी कशाला? मी लावणं थांबवलं.

अकराव्या दिवशी मोजल्या. त्रेचाळीस. त्यात वाटाणे चौदा. शिवाय सगळा चेहरा लाल, तापलेला, आणि उन्हात गेलं की झोंबणारा. प्रतिक्षा शेजारी उभी होती. तिने या वेळी थट्टा केली नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

नेमके त्याच दिवशी समितीचे अध्यक्ष कमळाकर काही कागदांवर सही घ्यायला आले. दार मीच उघडलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, परत काढला. "मास्तरांना काय झालं?" ते म्हणाले.

चौथ्या दिवशी पत्र आलं. सव्वीस वर्षं मी अशी पत्रं लोकांना पाठवत आलो आहे. पण आपल्याच चेहऱ्याबद्दल आलेल्या पत्रावर तारीख-वेळ टाकायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. 'आपल्या चेहऱ्यावर उद्भवलेल्या परिस्थितीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तसेच आपला मूळ चेहरा पाडव्यापूर्वी पूर्ववत उपलब्ध होईल, असे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडावे. अन्यथा राखीव उमेदवाराचा विचार करण्यात येईल.' पाडव्याची अट हिरामणची होती. पाडव्यानंतर मला बाप्पाशिवाय दुसऱ्या कुणाचं तोंड बघायला वेळ नाय, असं त्यांनी समितीला बजावलं होतं.

राखीव उमेदवाराने तर विचार होण्याची वाटही पाहिली नाही. सुभाषने फोटोतल्या मास्तरांसारखा भांग पाडून घेतला. कोलाडच्या हॉटेलात गल्ल्यावर बसताना तो आता उपरणं घेतो, असं कानावर आलं. मला फोन करून तो गोड आवाजात म्हणाला, "दादा, तू टेन्शन घेऊ नको. तुझ्या तब्येतीपेक्षा पुतळा मोठा नाय. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' माझ्या कानात असं घुसलं की दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून पेणच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

तिथल्या बाकांवर बसलेल्या अकरा पेशंटांपैकी दहा जणांना मतदानाचा हक्क नव्हता. अकरावा मी. शेजारची शाळकरी मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "काका, तुमचा नंबर कुणासाठी?" मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तेवढ्यात कंपाउंडरने आतून खणखणीत आवाज दिला, "हरेश! वय एकोणपन्नास! पिंपल्स!" दहाही डोकी माझ्याकडे वळली.

डॉक्टरीणबाई तिशीच्या. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मूग आणि वाटाणा यांतला फरकही विचारला. मग रिकामी ट्यूब पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही कुणी दिली?"

"शेजाऱ्यांनी."

"ते काय करतात?"

"त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे."

"यात स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "खाजेसाठी, डॉक्टरनं सांगितलं तर, थोडे दिवस. चेहऱ्याला पाच आठवडे लावलंत तुम्ही. सुरुवातीला सगळं दबतं, गोरं दिसतं. थांबवलं की दुप्पट उसळतं. कातडी पातळ होते ती वेगळीच. तुमच्यासारखे महिन्याला तीस येतात माझ्याकडे."

मी जिला रूप समजत होतो, ती नुसती दडपशाही होती.

"पण मुळात आले कशाने? या वयात?"

"चेहऱ्याला काय लावता?"

मी मालिशाचं सांगितलं. वाटीचं मापही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चेहरा चांगला दिसावा म्हणून तेल चोपडलंत. रंध्रं बुजली, मुरुम आले. मुरुम जावेत म्हणून माती लिंपलीत. माती जावी म्हणून कातडी सोललीत. आणि मग ही ट्यूब. काही केलं नसतंत, तर माझी तुमची ओळखसुद्धा झाली नसती."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझं इतकं अचूक टिपण कुणी लिहिलेलं नाही.

त्यांनी दिवसातून दोनदा साध्या फेसवॉशने तोंड धुवायला सांगितलं; घासायचं नाही. झोपताना वाटाण्याएवढं जेल, तेही सगळ्या चेहऱ्याला मिळून. सकाळी सनस्क्रीन. काही दिवस गोळ्या. तेल, माती, लिंबू, टूथपेस्ट आणि शेजारी, सगळं बंद. "पहिला महिना आणखी वाईट दिसेल," त्या म्हणाल्या, "तेव्हा घाबरून दुसरं काही लावू नका. आठ ते दहा आठवडे लागतात."

मी प्रमाणपत्राचा विषय काढला. पत्र वाचून त्या इतक्या हसल्या की कंपाउंडर आत डोकावला. "चेहरा म्हणजे काय वीजपुरवठा आहे, अमुक तारखेला पूर्ववत होईल म्हणून लिहून द्यायला?" शेवटी माझं तोंड पाहून त्यांनी लिहून दिलं, 'उपचार चालू आहेत. संयम आवश्यक.' कमळाकरांनी ते फायलीला लावलं, आणि संयम नक्की कोणी पाळायचा याचा खुलासा नाही, असा शेरा मारून मला पाडव्याच्या आठ दिवस आधीपर्यंतची मुदत दिली.

ते दहा आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. पहिल्या महिन्यात आकडा एकोणपन्नासावर गेला, म्हणजे वयाची बरोबरी झाली. वरसेतल्या प्रत्येक घराकडे माझ्या चेहऱ्यासाठी एक उपाय तयार होता. कुणी कडुलिंब आणून दिला, कुणी कोरफड. एका निवृत्त सुभेदारांनी रोज थंड पाण्यात उभं राहायला सांगितलं. मी सगळ्यांना हसून हो म्हणालो आणि काहीही लावलं नाही. काहीही न लावणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. सहाव्या आठवड्यात वाटाणे संपले, आठव्यात मूग. दहा मार्चला वहीत मी लिहिलं, 'निरंक', आणि खाली दोन रेघा ओढल्या. शिल्पाने त्या दिवशी शिरा केला.

अकरा मार्चला हिरामणने माझे गाल मातीत घेतले. गुळगुळीत, भरीव, तकतकीत गाल. संध्याकाळी चार वाजता काशीआत्याला कासूहून गाडीत घालून आणलं. कमळाकर होते, सुभाष उपरण्यासकट हजर होता. आत्याला आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. तिला स्टुलावर बसवून हिरामणने पुतळा तिच्यापुढे सरकवला.

"हात लावून बघा, आत्या. ओला हाय, जरा हळू."

आत्याची बोटं नाकावरून फिरली. "नाक दादाचाच हाय," ती म्हणाली. माझी छाती फुगली. बोटं कानावर गेली. "कान पन त्याचाच." मी सुभाषकडे पाहिलं. मग हात गालांवर आला आणि थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

"ह्यो गाल कोनाचा लावलास?"

"मास्तरांचाच, आत्या," कमळाकर म्हणाले.

"खुळा झालास का? दादाच्या गालाव नुसतं खड्डं व्हतं. मास्तरकी शिकाया गेला तवा मुरुमांनी तोंड भरलं व्हतं त्याचा. भायेर पडाया लाजायचा. मी दहा वर्साची व्हते, रोज फाटं हलद उगालून लेप लावायची त्याला. ह्या हातानी. मला नाय म्हाईत व्हय?"

कमळाकरांनी पिशवीतून मास्तरांचा फोटो काढला. हिरामण तो खिडकीशी घेऊन गेले आणि तिरका धरून बघत म्हणाले, "आयला. गालांवर ब्रश मारलाय. स्टुडिओवाल्यानं रंगवून काढलेत गाल."

इतकी वर्षं आमचं घराणं एका ब्रशाच्या फटकाऱ्याला नमस्कार करत होतं. आणि त्या फटकाऱ्याशी जुळावं म्हणून मी माझी मिशी घालवली होती.

सगळ्यात आधी कमळाकर सावरले. त्यांनी माझ्या स्वच्छ चेहऱ्याकडे अतिशय नाराजीने पाहिलं. "हरेशभाऊ, औषध बंद केलंत, तर त्या त्रेचाळीस साधारण किती दिवसांत परत येतील?"

"काय?"

"मला येतात!" सुभाष उपरणं सावरत पुढे झाला. "मला पटकन येतात! दोन दिवस हॉटेलातली भजी खाल्ली की बास!"

"गप बसा दोघं," हिरामण म्हणाले. त्यांनी लाकडाची बारीक कोरणी उचलली आणि आत्याच्या पायाशी बसले. "आत्या, तुम्ही बोट ठेवा. कुठं व्हता खड्डा?"

आत्याने बोट ठेवलं. "हितं एक."

हिरामणने टोचलं.

"हितं दोन, चिकटून. ह्यो मोठा व्हता. खाली घे जरा. व्हय, हितं."

ती अजिबात अडखळत नव्हती. मी बाजूला बसून पाहत होतो. पाचव्या खड्ड्यापर्यंत तो मीच होतो. दहाव्याला मी फक्त फटीतून दिसल्यासारखा उरलो. विसाव्या खड्ड्यानंतर माझ्या नाकाखाली, माझ्या दोन कानांच्या मध्ये, एक मला अजिबात ओळखीचा नसलेला, लाजरा, हट्टी तरुण बसला होता. मिठागरातल्या मुलांसाठी शाळा काढायला दारोदार हिंडलेला. असल्या चेहऱ्यानिशी हिंडलेला. सुभाषने उपरणं काढून घडी घातली. कमळाकर कोणत्या ठरावाखाली हे बसवावं ते विसरून उभे होते.

"बास," आत्या म्हणाली.

तिने दोन्ही तळहात त्या गालांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. तिचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मग अचानक तिने उजवा हात उचलला आणि ओल्या मातीच्या त्या गालावर एक चापट मारली. चांगली वाजणारी.

"किती येला सांगितला दादा तुला," ती म्हणाली, "नखानी फोडीत बसू नको म्हनून!"